चौदा नंबरचं दार

डंडीच्या नगरपालिकेत एकेचाळीस वर्षं
मी किल्ल्या सांभाळल्या.
तळघरात, बॉयलरशेजारी,
भिंतभर फळी, फळीला पितळी हूक,
प्रत्येक हुकाखाली एक आकडा.
घर रिकामं झालं की किल्ली परत यायची,
कधी दोऱ्यासकट,
कधी खिशातल्या तंबाखूच्या वासासकट.

मी लागलो तेव्हा अर्ज विचारायचा:
मुलं किती? खोकला कुणाला?
संडास किती बिऱ्हाडांत मिळून एक?
जितके हाल, तितके गुण.
ज्यूट गिरणीतल्या एफी गेडिसला
त्रेसष्ट साली सत्तावन्न गुण पडले.
शाळेतसुद्धा एवढे कधी पडले नव्हते, म्हणाली,
आणि लिनरॉस क्रेसेंटच्या चौदा नंबरची किल्ली
पदराआड दिवा न्यावा तशी
कोटाच्या आत धरून घेऊन गेली.
दार हिरवं.
सगळ्यांचीच दारं हिरवी.
रंग नगरपालिकेचा, ब्रशही नगरपालिकेचा.

का बांधली होती एवढी घरं?
लढाईवरून परतलेल्यांना कुणीतरी शब्द दिला होता,
आणि शब्द मोडला तर काय होतं
याची भीती तेव्हा ताजी होती.
भीती शिळी झाली.
मग विटा महागल्या, माणसं उंच रचली,
सतराव्या मजल्यावर भिंतींना बुरशी धरली,
लिफ्टमध्ये मुतल्याचा वास.
लोक म्हणू लागले, सरकारी घर ना, असंच असणार.
आधी हे आम्हाला लागायचं.
नंतर आम्हीच म्हणायला लागलो.

एक्क्याऐंशीत नवा अर्ज आला, बारीकसा.
खोकल्याचं नाव नाही.
एकच विचारणा: भाडं किती वर्षं भरलंत?
जितकी वर्षं, तितकी सूट.
लंडनमध्ये कुणीतरी हिशेब मांडला होता
की ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे
तो संपावर जाताना दोनदा विचार करतो.
हे मला फार उशिरा कळलं.
तेव्हा एवढंच दिसलं
की एफीच्या डग्लसनं चौदा नंबर
जवळजवळ अर्ध्या किमतीत घेतलं
आणि पहिल्याच रविवारी
दार लाल केलं. लालभडक.
अख्खी आळी बघायला आली.
मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
पुढच्या वर्षी मीही माझं घर घेतलं.
माझं दार निळं.

हूक रिकामे होत गेले.
विक्रीचे पैसे कर्जाच्या खात्यात गेले,
विटांपर्यंत फार थोडे पोचले.
मी निवृत्त झालो तेव्हा फळीवर
किल्ल्यांपेक्षा आमचे कोट जास्त होते.
उंच इमारती सुरुंग लावून पाडल्या,
तेही आम्ही थर्मास घेऊन बघायला गेलो.
पुढे कधीतरी कायदा फिरला, विक्री बंद.
वरातीमागून घोडं.

गेल्या मार्चमध्ये एफीची नात भेटली, कर्स्टी,
दोन मुलं, एक बाबागाडी, चार पिशव्या.
आता अर्ज एवढंच विचारतो म्हणाली:
आज रात्री झोपायला कुठे आहे?
नाही म्हटलं की तात्पुरतं घर देतात.
कुठे दिलं?
ती हसली. लिनरॉस क्रेसेंट. चौदा.

बापानं कधीच विकलेलं.
हातोहात फिरत ते
ॲबरडीनच्या एका दातांच्या डॉक्टराकडे गेलेलं.
नगरपालिका त्याला भाडं मोजते,
स्वतःच्या उरलेल्या घरांच्या दुप्पट.
आणि किल्ली? मी विचारलं.
किल्ली नाही, आकडे दाबायचे.

मी पिशव्या घेऊन दारापर्यंत गेलो.
दार राखाडी, आजकाल असतात तसं.
बाबागाडीचं चाक घासून
खाली एक ओरखडा पडलाय, वीतभर:
राखाडीखाली पांढरा,
पांढऱ्याखाली डग्लसचा लाल,
आणि अगदी तळाला, लाकडाला धरून,
आमचा हिरवा.

एजंट येऊन फोटो काढून गेला म्हणे.
रंगाचं बिल नगरपालिकेला जाईल.